परबांनी न ऐकलेली शिट्टी

परबकाकांनी कुणा ना कुणाला तोंडाने आवाज काढायला लावला नाही, असा दिवस मला आठवत नाही. समोर टाय लावलेला मॅनेजर असो की पंपावरचा वॉचमन, मोटरच्या आवाजाची तक्रार आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "नेमका कसा आवाज? काढून दाखवा." लोक हसायचे, इकडेतिकडे बघायचे, "म्हणजे, फारच त्रासदायक आहे हो" असलं काहीतरी सांगून सुटायला बघायचे. परबकाका खिशातून छोटी वही काढून शांतपणे वाट बघत उभे राहायचे. शेवटी तो माणूस ओठांचा चंबू करून 'कुंईईई' करायचा आणि हे गंभीरपणे लिहून घ्यायचे: 'कुंई, शेवट चढता.'

मी नोकरीला लागले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. आमची कंपनी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत. मोटरचा वेग कमीजास्त करणारे ड्राइव्ह विकायचे, बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे, हे आमचं काम. पंप, लिफ्ट, पंखे, सगळ्यांना हल्ली हा डबा लागतो. वीज वाचते, मोटर झटके न देता सुरू होते. पण हा डबा बसवला की कालपर्यंत नुसती घुमणारी मोटर शिट्टी मारायला लागते, आणि मग आमच्याकडे फोन येतात.

शिट्टी का येते, हे मला कॉलेजात दोन तास शिकवलं होतं. परबकाकांनी ते एका वॉचमनला माझ्यासमोर अर्ध्या मिनिटात समजावलं. "कांदा चिरताना टकटक ऐकू येते ना? हा डबा वीज चिरतो. सेकंदाला चार हजार वेळा. एवढ्या वेगाने कांदा चिरलास तर टकटक ऐकू येईल का? शिट्टीच ऐकू येईल. इथे मोटरचं लोखंड म्हणजे कांद्याखालची फळी. त्याला दणके बसतात, ते ओरडतं."

"मग आणखी जोरात चिरा," वॉचमन म्हणाला. "शिट्टी कानाच्या बाहेर जाईल."

परबकाका माझ्याकडे वळून त्यांच्या मालवणीत म्हणाले, "बघ, चेडवा. ह्याका कळला. आता ह्याका सांग, तसा का करूचा नाय."

मी सांगितलं, की चिरण्याचा वेग वाढवला तर डबा तापतो आणि बंद कोंदट खोलीत लवकर मरतो. त्यांनी मान डोलावली. माझी परीक्षा झाली होती, हे मला नंतर कळलं.

शिडशिडीत माणूस. अंगात पांढरा फुल शर्ट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. मोटरपाशी गेले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. ते ऐकत असताना कुणी बोललं तर रागवायचे नाहीत, नुसतं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी बोलत नसे. काम संपेपर्यंत ते गिऱ्हाइकाकडचा चहा घेत नसत. "आधी चहा घेतला की तक्रार खोटी वाटायला लागते," असं त्यांचं म्हणणं होतं.

बोलणं इतकं हळू, की समोरच्याला पुढे वाकावं लागे. त्याचं कारण त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागलेले, आयुष्य लूमखात्यात गेलं. चाळिशीतच कान गेले. घरात आई आणि पाच भावंडं त्यांच्याशी ओरडून बोलायची, मग आपापसातही तसंच बोलायची सवय लागली. "शेजाऱ्यांना वाटायचं, परबांकडे रोज भांडण असतं. मी ठरवलं होतं, माझ्या घरात कुणी ओरडून बोलणार नाही."

त्यांच्या कामातली मला सर्वात आवडलेली गोष्ट घाटकोपरची. एका जुन्या इमारतीत नवीन लिफ्ट बसवली होती, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांची तक्रार आली होती. हे गृहस्थ घरी हार्मोनियम दुरुस्त करायचे. गच्चीवरची लिफ्टची मोटर त्यांच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर. परबकाकांनी वही काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. गृहस्थांनी तोंडाने आवाज काढला नाही. त्यांनी पेटीची एक पट्टी दाबली. "ही काळी पाच. तुमची मोटर हिच्या केसभर खाली बोलते. कितीतरी वरच्या सप्तकात, पण केसभर खाली. मी दिवसभर सूर लावतो हो. लिफ्ट हलली की माझा कान बिघडतो."

परबकाकांचा चेहरा मी कधी इतका खुललेला पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तक्रार जशी हवी तशी सांगितली होती.

आवाज बंद करणं सोपं नव्हतं. गच्चीवरची खोली पत्र्याची, दुपारी तवा तापावा तशी तापायची. तिथे चिरण्याचा वेग फार वाढवला असता तर ड्राइव्ह महिन्याभरात गेला असता. परबकाका जरा विचार करून म्हणाले, "बंद करता येणार नाही. पण सुरात आणला तर चालेल का?"

त्या दुपारी ते गच्चीवर ड्राइव्हची सेटिंग एकेक पायरी बदलत होते, गृहस्थ खाली पेटी घेऊन बसले होते आणि मी जिन्यात उभी राहून निरोप पोचवत होते. "अजून वर." "थोडं खाली." शेवटी खालून काहीच उत्तर आलं नाही. मी डोकावून बघितलं तर गृहस्थ पेटी वाजवत बसले होते आणि लिफ्ट वर येत होती. त्या इमारतीतली माणसं आजही काळी पाचमध्ये वरखाली करतात आणि त्यांना ते माहीत नाही.

अशा माणसाचा कंपनीत काय मान असेल, ते वेगळं सांगायला नको. आवाजाची तक्रार आली की आमचे मालक शहासाहेब मीटरचं ऐकायचे नाहीत, परबांचं ऐकायचे. रिपोर्टवर परबकाकांनी 'आवाज नाही' असं लिहून सही केली की विषय संपला.

मुलुंडला एका बाईंच्या घरी गेलो, तोपर्यंत.

सोसायटीने पाण्याचे नवे पंप बसवले होते, ड्राइव्हसकट. तळमजल्यावर राहणाऱ्या देशपांडेबाई, निवृत्त शिक्षिका, एकट्या. त्यांनी कमिटीला सहा पत्रं लिहिली होती, की घरात सतत बारीक शिट्टी वाजते, वाचता येत नाही, जेवण नको होतं. कमिटीचे सेक्रेटरी मोबाइलवर आवाज मोजून गेले होते. त्यांच्या मते आवाज नियमात होता. बाईंच्या मुलाने पुण्याहून फोन करून त्यांना डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. मानसोपचाराच्या. हे सेक्रेटरींनीच आम्हाला जिन्यात दबक्या आवाजात सांगितलं.

परबकाका पंपाच्या खोलीत गेले. घड्याळ काढलं, स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग बाईंच्या खोलीत येऊन भिंतीला कान लावून उभे राहिले. सेक्रेटरी दारात उभे होते.

"काही नाही ना?" त्यांनी विचारलं.

 मला तर ती शिट्टी जिन्यापासून ऐकू येत होती. तारेने काच ओरबाडावी तशी. मला वाटलं, परबकाका मुद्दाम थांबलेत, आता त्यांचा प्रश्न विचारतील.

त्यांनी विचारलाच. "बाई, आवाज कसा, काढून दाखवा."

देशपांडेबाईंनी पदराने ओठ पुसले आणि दातांतून अगदी बारीक, लांब शीळ घातली. लाजल्या नाहीत. वर्गात कविता म्हणून दाखवावी तशी घातली. ती थांबली तेव्हा भिंतीतून तोच सूर पुढे चालू होता.

परबकाकांनी माझ्याकडे बघितलं. माझी मान आपोआप हलली होती, ती त्यांनी पाहिली.

"तुका येता ऐकाक?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, काका. बराच."

 मला वाटलं, आता काहीतरी सावरून घेतील. फरशीतून येतोय म्हणतील, नंतर बघू म्हणतील. त्या जागी मी असते तर तेच केलं असतं. ते सेक्रेटरींकडे वळले आणि त्यांच्या मानाने बऱ्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "आवाज आहे. बाई बरोबर सांगतायत. मला तो ऐकू येत नाही, हा माझ्या कानाचा दोष आहे. तुम्हालाही कदाचित येत नसेल. ह्या मुलीला येतोय."

सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण मोबाइलवर..."

"मोबाइल किती आवाज आहे ते सांगतो. कसला आहे ते सांगत नाही."

तिथली पंपाची खोली हवेशीर होती, ड्राइव्हही मोठा होता. तापण्याची भीती नव्हती. चिरण्याचा वेग वाढवायला पाच मिनिटं लागली. मी सेटिंग बदलली आणि शिट्टी गेली. बाई खुर्चीवर बसल्या आणि एकदम रडायला लागल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "मलाच वाटायला लागलं होतं हो, की माझं काहीतरी बिघडलंय."

परबकाकांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. काम झालेलं असूनही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला एक कागद दाखवला. पालिकेच्या रुग्णालयात जाऊन कान तपासून घेतले होते. कागदावर एक रेघ होती, बरीचशी सरळ, आणि एका जागी खोल खड्डा. "माणसांचं बोलणं सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "म्हणून कधी कळलं नाही. खड्डा कुठे आहे बघ. चार हजारावर. डॉक्टर म्हणाले, यंत्रांजवळ काम करणाऱ्यांचा पहिला तिथेच पडतो."

आमचे ड्राइव्ह बहुतेक वेळा ज्या जागी शिट्टी मारतात, ती हीच जागा. 

"मी डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं झाली असतील? ते म्हणाले, सांगता येत नाही, पाच-सात तरी."

मला त्यांच्या कानांचं वाईट वाटत होतं. ते मात्र भलताच हिशोब करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टोअरमधून गेल्या सात वर्षांच्या फायली काढल्या. 'आवाज नाही' असं लिहून बंद केलेल्या तक्रारी बाजूला केल्या. त्या तेवीस निघाल्या.

शहासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी परबकाकांना बसवून घेतलं, दार लावून घेतलं. मीही तिथेच होते. "परब, दीड वर्षात रिटायर होणार तुम्ही. गिऱ्हाईक विसरलंय. आपण जाऊन सांगायचं, की आमचा रिपोर्ट चुकीचा होता? उद्या कुणी नोटीस पाठवली तर?"

"तर मी चुकलो असं लिहून देतो. कंपनीचं नाव नको."

"तुमचं नाव खराब होईल म्हणतोय मी."

"ते झालंच आहे, साहेब. फक्त कुणाला माहीत नाही."

शहासाहेबांनी पेपरवेट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी जा. आणि हिला घेऊन जा."

अशा रीतीने आम्ही शनिवारचे निघू लागलो. ते तक्रारीचा कागद आणायचे, मी माझे कान. चेंबूरच्या एका वसतिगृहात मोटरच बदलून टाकली होती. पवईच्या एका ऑफिसात शिट्टी अजून चालू होती आणि तिथली माणसं कानात इअरफोन घालून तिच्याशी जुळवून घेत बसली होती. ती आम्ही घालवली. कित्येक ठिकाणी खरोखरच आवाज नव्हता. तिथून बाहेर पडताना परबकाका कागदावर पुन्हा सही करायचे आणि खाली माझी घ्यायचे.

एक कागद अंधेरीतल्याच एका औषधांच्या कारखान्याचा होता. पॅकिंगच्या टेबलावर काम करणाऱ्या सुनीता घाडी नावाच्या बाईने वरच्या, हवा फेकणाऱ्या ब्लोअरची तक्रार केली होती. डोकं दुखतं, मळमळतं. आम्ही गेलो, ब्लोअर अजून वाजत होता, तो ठीक केला. पण टेबलावर दुसरीच बाई होती. सुपरवायझर नवा होता. जुन्या एका कामगार बाईने सांगितलं, की परबांचा रिपोर्ट आल्यावर सुनीताला सगळे कामचुकार म्हणायला लागले. तीन महिन्यांनी तिने काम सोडलं. दहिसरला नदीच्या बाजूला राहते.

पुढच्या शनिवारी आम्ही तिच्या दारात होतो. चाळीतली एक खोली, दाराशी साड्यांचा ढीग. ती फॉल लावायचं काम करत होती. तिशी-पस्तिशीची असेल. आतल्या बाजूला सासू लसूण सोलत बसली होती. परबकाकांनी नाव सांगितलं. तिने ओळखलं.

"तुम्ही स्क्रूड्रायव्हर लावून ऐकलं होतंत," ती म्हणाली.

"हो."

"मला म्हणालात, आवाज काढून दाखव. सगळ्या बायकांसमोर. मी दाखवला होता."

"हो. माझ्या वहीत लिहिलेला आहे."

"मग?"

परबकाका उंबऱ्याबाहेरच उभे होते. "मला तो ऐकू आला नाही. म्हणून तो नाहीच, असं मी लिहिलं. माझे कान गेले होते. तू खरं बोलत होतीस."

तिने सुई साडीत टोचून ठेवली. रागवेल असं मला वाटलं. ती थकल्यासारखी म्हणाली, "आता काय उपयोग, काका?"

"काय नाय," ते म्हणाले. "मी फक्त सांगूक इलंय."

मालवणी बोलणं ऐकून सासूने पहिल्यांदा मान वर केली. सुनीताने तिच्याकडे एकदा बघितलं, मग परबकाकांना विचारलं, "हे लिहून द्याल? मराठीत?"

त्यांनी साड्यांच्या ढिगाशेजारी बसून लिहिलं. चार ओळी. ब्लोअरला आवाज होता, सुनीता घाडी यांची तक्रार खरी होती, माझा आधीचा रिपोर्ट चुकीचा होता, त्यामुळे त्यांना त्रास सोसावा लागला याची मी क्षमा मागतो. खाली पूर्ण नाव. त्यांनी कागद पुढे केला. तिने घेतला नाही.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली.

ज्या माणसाचं बोलणं ऐकायला वाकावं लागे, त्याने तो कागद त्या खोलीत खणखणीत वाचला. शेजारचं दार उघडल्याचं मी ऐकलं. सासूचे हात थांबले होते. वाचून झाल्यावर ती कुणाकडेच न बघता म्हणाली, "तेव्हा मी हिका काय काय बोललंय." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. सुनीताने कागद घेऊन घडी घातली, रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला आणि आम्हाला आत बसायला सांगितलं.

परतताना आम्ही चेकनाक्यापर्यंत चालत गेलो. परबकाका एकच वाक्य बोलले. "तेवीसातला हा एकोणिसावा." राहिलेले चारही त्यांनी पुरे केले. शहासाहेबांनी पुढे रिपोर्टचा फॉर्म बदलला. आता आमच्याकडे आवाजाची तक्रार इंजिनियरच्या सहीने बंद होत नाही, तक्रार करणाऱ्याच्या सहीने होते. ते कुणाच्या सांगण्यावरून झालं, हे नव्या मुलांना माहीत नाही.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. बोरिवलीला दुसऱ्या मजल्यावर घर. दार उघडंच होतं. परबकाका खोलीच्या मध्ये स्टुलावर उभे होते, उजव्या कानामागे नवं श्रवणयंत्र, आणि हात वर करून छताचा पंखा काढत होते. स्टूल धरून त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, मी पहिल्यांदाच त्यांना भेटत होते. पंखा चांगला दिसत होता. वीज वाचवणारा, रिमोटवर चालणारा, म्हणजे आतमध्ये आमचाच डबा, लहान आकाराचा.

"बिघडला का?" मी विचारलं.

काकी म्हणाल्या, "बिघडला नाही गं. हा आणला त्या दिवसापासून मी सांगतेय, हा किरकिरतो, मला झोप नाही. हे म्हणायचे, काही नाही, तुझा भास आहे. मग मी आतल्या खोलीत झोपायला लागले. चार वर्षं झाली." त्या सहज बोलत होत्या, जुनी तक्रार बोलून बोलून गुळगुळीत झालेली. "काल हे यंत्र लावून आणलं. रात्री पंखा लावला आणि हेच उठून बसले."

परबकाकांनी शेवटचा स्क्रू काढून खाली दिला. काकींनी तो पदराच्या टोकात बांधला. परबकाकांनी पंखा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तसेच वर उभे राहिले. पाती बाजूंना आलेली, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते त्यांना दिसत नव्हतं.

"तुम्ही हलू नका," काकी म्हणाल्या. त्यांनी काकांचा डावा पाय घोट्याशी धरला आणि हळूच खाली, जमिनीवर टेकवला.